डावा स्पीकर

संकेश्वरात मिरचीच्या अडतीवर माडीची एक खोली.
खालून दिवसभर तिखट वर यायचं,
म्हणून बातम्यांच्या आधी आम्ही दोघी
गुळाचा खडा तोंडात धरून खोकला मोडायचो.
डाव्या माइकवर मी, मराठी.
उजव्यावर शांतव्वा मठपती, कन्नड.
दिवसा ती सरकारी दवाखान्यात सुया टोचायची.

चॅनेल नेमगोंडा चौगुलेचं.
रेडिओ दुरुस्तीचं दुकान, जाड काचेचा चष्मा,
आणि खिशात घड्या पडून मऊ झालेलं
कुठल्याशा इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाचं पान:
युरोपात म्हणे काही देशांनी मिळून
आकाशातून एकच चित्र सोडलं,
आवाज मात्र ज्याचा त्याच्या भाषेत.
दुभाषे काचेमागं बसायचे.
विनोद झाला की एक देश आधी हसायचा,
बाकीचे, वाक्य पोचल्यावर.
थोड्याच दिवसांत पैसे संपले, पडदा काळा.

"त्यांचे पैसे संपले," नेमगोंडा म्हणायचा,
"आपल्याकडं पहिल्यापासूनच नाहीत. संपणार काय?"

त्यानं डब्या बनवल्या, हातानं डाग देऊन.
डबी लावली की डाव्या स्पीकरला मी,
उजव्याला शांतव्वा,
बटण फिरवा, हवं ते ऐका.
जोडण्या साडेतीनशे. डब्या झाल्या एकवीस.
उरलेल्या सगळ्या घरांत
आम्ही दोघी एकदमच बोलत होतो,
एकाच जाळीतून.

तक्रारी आल्या.
हिरण्यकेशीला पाणी किती चढलं
हे दोन्ही भाषांत कुणालाच कळलं नाही.
एक मास्तर वही घेऊन आले:
मराठी बातम्या अकरा सेकंद कमी.
दुसऱ्या दिवशी दुसरे मास्तर, दुसरी वही.
फक्त कुंभार गल्लीतली बाळव्वा म्हणाली,
असू दे की गा, बरं वाटतंय.
आमचे मालक हुते तवर
घरात असंच ऐकू यायचं.

बाजारभाव वाचताना मी पुढं पळायचे.
मिरची म्हणून मी मोकळी,
ती अजून मेणसिनकायीच्या निम्म्यात.
मग बोटानं टेबलावर टकटक, थांब.
क्विंटलपाशी आमची गाठ पडायची.

आणि सगळ्यात शेवटी निधनवार्ता.
नाव दोघींच्या कागदावर एकच.
तिथं शांतव्वा माझ्याकडं बघायची, मान हलवायची,
आणि आम्ही एका श्वासात म्हणायचो:
पारिसा आप्पाण्णा मगदूम.
साडेतीनशे घरांत तेवढंच स्वच्छ पोचायचं.
त्या नावापुरते लोक घास थांबवायचे म्हणे.

वायर नोव्हेंबरात कापली,
पहिल्या तारखेच्या रात्री, दोन ठिकाणी,
मठाजवळ आणि स्टँडजवळ.
नेमगोंडानं तुकडे आणून टेबलावर ठेवले.
एक काप तिरका, एक सरळ.
"पकडी वेगळ्या," एवढंच बोलला,
आणि दिवसभर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला.

शांतव्वाची बदली सौंदत्तीला झाली.
मला एका शाळेत क्लार्कची नोकरी लागली,
तिथं जावक रजिस्टरातली नावं
मी बराच काळ मोठ्यानं वाचायचे.

परवा मुलानं नवा टीव्ही आणला.
रिमोटवर भाषेचं बटण आहे.
दाबत राहिलं की कार्टूनमधलं मांजर
सात भाषांत झाडावरून पडतं
आणि कुणीच उशिरा हसत नाही.

काल दुपारी फोन आला, नेमगोंडा गेला.
भाकरी तव्यावर होती.
गॅस बारीक केला, घसा साफ केला,
आणि फडताळाकडं तोंड करून वाचल्यासारखं म्हटलं:
नेमगोंडा भूपाल चौगुले.

त्याआधी, सवयीनं,
उजवीकडं बघितलं होतं.